भागवतच्या गाडीचा काटा

भागवतची झोप एका काट्यानं उडवली होती. गाडीतला, इंजिनची गरमी दाखवणारा काटा. चांगला मधोमध बसलेला असायचा, अन् काही कारण नसताना ताडकन उठून लाल रेघेला टेकायचा. भागवत गाडी कडेला घ्यायचा, घाईघाईनं खाली उतरायचा, तोवर हा पठ्ठ्या परत खाली येऊन असा बसलेला असायचा, की सकाळपासून जागचा हललाच नाही.

दुसरा कुणी म्हणाला असता, मरू दे, काटाच तो. भागवतला तसं म्हणता येत नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

नायगावला त्याची पिठाची गिरणी. उभी हयात त्या घरघरीत काढलेली, त्यामुळं मशिनीचं दुखणं कानानं ओळखायची सवय, आणि त्या कानाचा तोराही भारी. पट्टा सैल झाला, बेअरिंग वाळलं, दगडाला टाकी मारायची वेळ आली, सगळं हा गडी बाहेर चहा पीत पीत सांगायचा. मागच्या वैशाखात तो आपल्या एकुलत्या एका लेकीला, पुनमला, तिच्या सासरहून म्हणजे शिरूर अनंतपाळहून घरी आणत होता. पुनमला तेव्हा पाचवा लागलेला. जांबच्या अलीकडं काटा चढायला लागला. त्याची बायको सिंधु म्हणालीसुद्धा, "ओ, ते बघा काय दाखवून राहिलं." भागवतनं कान दिला. इंजिन सुरात होतं. तो म्हणाला, "इंजिन खणखणीत हाय. काटा येडा हाय."

थोडं पुढं गेल्यावर पाण्याचा पाइप फुटला. बॉनेटमधून वाफेचे लोट, आसपास झाड नाही, वर वैशाखाचं ऊन. भागवत पाइपाला फडकी बांधत बसला आणि पुनम गाडीच्या तेवढ्याशा सावलीत एका धोंड्यावर बसून राहिली. नायगावला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं, अन् पोटातलं गेलं.

डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की याचा गाडीशी काही संबंध नाही, असं होतं कधी कधी. पण पुनमच्या सासूनं, कमलम्मानं, एकच वाक्य म्हटलं, "ती गाडी लाभली न्हाई." त्या वाक्याला पाय फुटले. शिरूरहून ते नायगावला आलं आणि दळणाच्या डब्यांबरोबर गिरणीवर यायला लागलं. भागवतला कमलम्माचा राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. बाई खरं तेच बोलली असं त्याला वाटत होतं, आणि तेच त्याला आतून खात होतं.

आता पुनमला परत दिवस गेले होते. सातवा संपत आला होता आणि उद्या आठवा लागत होता. आठव्यात गरवार बाईला गावची वेस ओलांडू देत नाहीत, ही रीत दोन्ही घरांत पूर्वीपासूनची. नवव्यात एवढ्या लांबचा रस्ता नको, हे कमलम्मानं आधीच बजावलेलं. म्हणजे बाळंतपण माहेरी व्हायचं असेल तर आज दिवस मावळायच्या आत पुनमला शिरूरमधून काढायलाच हवं होतं. पुनम रोज फोनवर तेच म्हणायची, "पप्पा, मला तिकडंच यायचंय. मम्मीपाशी."

भाड्याची जीप करा, असं सिंधु म्हणाली होती. त्यावर भागवत उखडला.

"भाड्याच्या गाडीत लेक आणली म्हंजे आपल्या गाडीत खोट हाय हे आपणच कबूल केलं. मग नातवंडाला बी तिच्यात बसवायचं न्हाई का? काय दारात शो करून ठिवायची का ती?"

सिंधु गप्प बसली. सिंधु गप्प बसली म्हणजे तिला पटलं असं नसतं, हे भागवतला लग्नापासून माहीत होतं.

बरं, काट्यासाठी त्यानं काय केलं नाही? फुटका पाइप तेव्हाच नवा टाकला होता, आणि दिवाळीच्या पुढंपर्यंत गाडी गुणानं चालली होती. हा नवा उच्छाद माळेगावच्या जत्रेनंतर सुरू झाला. नांदेडच्या एका मिस्त्रीनं सेन्सर बदलला. आठ दिवस बरं गेलं, परत तेच. दुसऱ्यानं थर्मोस्टॅट उपटून भागवतच्या हातात दिला अन् म्हणाला, "मालक, हे थंड मुलखातलं झाकण हाय. आपल्याकडं काय कामाचं? आता पाणी सारखं फिरत राहील, इंजिन थंडगार." इंजिन थंडगार राहिलं असेलही, काटा मात्र उडायचा थांबला नाही. तिसऱ्यानं रेडिएटर धुतला, पाणी बदललं, आतली हवा काढली आणि शेवटी डोकं खाजवत म्हणाला, "काका, गाडी इकून टाका."

तिघांनी एक काम मात्र न चुकता केलं होतं. बॉनेट उघडलं की पुढच्या पत्र्यावर बसवलेल्या घोड्याच्या नालेला बोटं लावून ती कपाळाला लावली होती. ती नाल साधी नव्हती. माळेगावला खंडोबाच्या जत्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. पुनमला परत दिवस गेल्याचं कळल्यावर सिंधु तिथं गेली होती आणि देवाच्या दारातून आणलेल्या एका पांढऱ्या घोड्याची निखळलेली नाल मालकाकडून मागून घेऊन आली होती. "गाडीला दिष्ट लागली म्हणतेत ना? मग गाडीलाच बांधा," ती म्हणाली. भागवत असल्या गोष्टींवर हसणारा माणूस, पण त्या दिवशी हसला नाही. मुकाट्यानं पान्हा घेतला आणि नाल बसवून दिली. तेव्हापासून दर रविवारी सिंधु आंघोळ करून बॉनेट उघडायला लावायची आणि तेलात कालवलेल्या भंडाऱ्याचं एक बोट नालेवर फिरवायची. थरावर थर चढून ती नाल पिवळीजर्द झाली होती.

तर आज सकाळी दोघं नायगावहून निघाले. माघ सरत आलेला, हवेत गारवा होता, हरभऱ्याची काढणी लागलेली. नरसीपर्यंत काटा शहाण्यासारखा बसला. भागवतला वाटलं, जमलं. मुखेडच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर लागले. दोन-दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, आणि ड्रायव्हरच्या कानात मोठ्यानं लावलेली गाणी. भागवतनं हॉर्न दिला, दिवे मारले, तरी ट्रॅक्टर रस्ता देईना. आणि काट्यानं उडी मारली.

भागवतनं गाडी थांबवली, बॉनेट उघडलं, पाइपाला हात लावला. कोमट. वाफ नाही, वास नाही. आत येऊन बघतो तर काटा खाली.

"बगा, झाला का शांत?" सिंधु म्हणाली.

"माझी अक्कल गहाण ठिवली का त्यानं? आज मला खेळवून राहिला तो," भागवत म्हणाला.

पुढं परत ट्रॅक्टर, परत हॉर्न, परत काटा वर. परत थांबणं. मुखेडपासून जांबपर्यंत त्याला असं किती वेळा बॉनेट उघडावं लागलं ते त्यालाच आठवेना. कान सांगत होता, इंजिन ठणठणीत आहे. पण या कानावर मागं एकदा विश्वास ठेवला होता आणि त्याचं काय झालं ते तो विसरला नव्हता. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला. जांब मागं पडलं, तो धोंडा अजून तिथंच होता. दोघांनीही तिकडं बघितलं.

नळेगावच्या अलीकडं सिंधु म्हणाली, "ओ, एक सांगू का? तुमी हॉर्न वाजवला की तो उडतोय. दिवे लावले की लईच उडतोय."

"हॉर्नचा अन् गरमीचा काय संबंध? कायबी बोलती."

"संबंध मला काय ठावं? म्या जे दिसलं ते सांगून राहिले."

"तू रस्ता बग," भागवत म्हणाला. गाडी तो चालवत होता आणि रस्ता बायकोनं बघायचा होता, यावरून त्याच्या डोक्याची काय गत झाली होती ते कळावं.

शिरूरला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. जावई वीरेश दारातच उभा होता. तो लातूरला बँकेत नोकरीला, आज खास रजा काढून घरी थांबलेला. आत पुनम पलंगावर बसली होती, पिशव्या भरून, केस विंचरून, अगदी निघायच्या तयारीत. भागवतनं तिला बघितलं. तोंडावर तेज आलं होतं पोरीच्या. तिचं पोट बघून त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला भीतीच वाटली.

जेवणं झाली. कमलम्मानं स्वतः वाढलं, आग्रह करकरून वाढलं. हात धुऊन झाल्यावर ती भागवतच्या समोर येऊन बसली. उंच, सडपातळ, सरळ बोलणारी बाई. नवरा गेल्यावर घर अन् शेत दोन्ही तिनंच ओढलेलं.

"भाऊ, एकच इचारते. गाडी चांगली हाय का?"

'हाव' म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. सिंधु तोंडाकडं बघत होती, पुनम बघत होती. भागवतला तो शब्द म्हणायचाच होता, जिभेवर आलाही होता.

"इंजिन चांगलं हाय, ईनबाई," तो विहिणीला म्हणाला. "पण काटा गरम दाखवून राहिला. खरा का खोटा, मला कळंना गेलंय."

कमलम्मा म्हणाली, "खोटं बोलला न्हाईत, बरं केलंत. पण मग पोर न्हाई धाडायची मी. बाळंतपण हितंच करू. सिंधुबाई ऱ्हातील दोन महिने, त्यांचंच घर हाय."

तिच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हतं, हीच तर अडचण होती. वीरेश उठून लातूरला फोन लावायला लागला, कुणाची गाडी मिळते का ते बघायला. ऐन लगीनसराई, जो तो वऱ्हाड घेऊन गेलेला. एकानं रात्री येतो म्हणून सांगितलं. पण दिवस मावळल्यावर गरवार पोर घराबाहेर काढायची हा विषयच नव्हता. पुनमनं पिशवीचा बंद हातात धरला होता, तो सोडला आणि तोंड भिंतीकडं केलं. ती रडली असती तर भागवतनं सोसलं असतं. ते तोंड फिरवणं त्याला सोसेना.

तो तडक अंगणात आला आणि गाडीत जाऊन बसला. काय करणार होता ते त्यालाही माहीत नव्हतं. गाडी चालू केली. काटा मधल्या खुणेच्या खाली, निवांत. रागाच्या भरात त्यानं हॉर्नवर मूठ हाणली.

काटा उडाला.

त्यानं हात काढला. काटा बसला. परत हॉर्न दाबला, परत उडाला. मग दिवे लावले. काटा थेट लाल रेघेत. दिवे बंद, खाली. उभ्या गाडीतलं इंजिन क्षणात उकळतं अन् क्षणात निवतं, असं कुठं असतं काय? तव्यालासुद्धा तापायला वेळ लागतो. भागवतला घाम फुटला, पण हा घाम वेगळा होता.

त्याला गिरणी आठवली. उन्हाळ्यात गिरणीमागचा अर्थिंगचा खड्डा वाळला की काय काय तऱ्हा व्हायच्या. मोटार चालू केली की घरातले दिवे वर-खाली व्हायचे, बायका म्हणायच्या, भागवतभाऊ, डब्याला झिणझिण्या येऊन राहिल्या. मोटारीला काही झालेलं नसायचं. विजेला परत जायची वाट नीट मिळेना की ती अशी भलतीकडंच तोंड काढते. मग तो खड्ड्यात मीठ टाकायचा, बादलीभर पाणी ओतायचा, की सगळं ठाकठीक. दर उन्हाळ्यात करायचा हे काम. आणि गाडीच्या बाबतीत हे डोक्यात आलं नव्हतं, कारण गाडीच्या बाबतीत त्याचं डोकं भीतीनं बधिर झालं होतं.

"सिंधु," त्यानं हाक मारली. "हिकडं ये. तू बराबर हुतीस."

हे वाक्य त्या घरात क्वचितच ऐकू आलेलं. सिंधु पदराला हात पुसत बाहेर आली, तिच्यामागं वीरेश आणि कमलम्मा.

भागवतनं बॉनेट उघडलं. इंजिनापासून निघालेली जाड काळी वायर त्यानं बोटानं धरली आणि तिच्या मागं मागं बोट नेलं. वाटेत दिव्यांची, हॉर्नची, सगळ्यांची वायर तिला येऊन मिळत होती. सगळ्यांची परत जायची वाट एकच. ती पुढच्या पत्र्यापाशी आली, एका बोल्टाखाली शिरली, आणि त्या बोल्टाखाली नाल होती.

भागवतचं बोट तिथंच राहिलं.

त्यानंच तर बसवली होती. नवं भोक कशाला पाडा म्हणून असलेला बोल्ट खोलला, वायर उचलली, नाल खाली सरकवली आणि वरून आवळून टाकलं. नालेवर गंज, गंजावर तेल, तेलावर भंडारा, दर रविवारी एक थर. वायरीला पत्रा नीट लागतच नव्हता. आणि नांदेडच्या मिस्त्र्यांनी गाडीतला एकेक बोल्ट खोलला होता, पण हा एक बोल्ट कुणी खोलला नव्हता. देवाच्या वस्तूला पान्हा कोण लावणार?

"काय झालं?" सिंधुनं विचारलं.

"ही काढावी लागंल."

सिंधु मधे आली. "हिला हात नका लावू. आज तरी नका. पोर बसायची हाय गाडीत."

"सिंधु, हिच्यानंच काटा उडून राहिला."

"उडू द्या. काटाच उडतोय ना? पोर तर सुखरूप हाय आजवर? कुणामुळं हाय? म्या उपाशी पायी गेले हुते हिच्यासाठी. तुमाला काय माहिती."

भागवतला माहीत होतं. म्हणून तर तो पान्हा हातात घेऊन नुसता उभा राहिला. सावल्या अंगणभर लांबल्या होत्या. शेवटी कमलम्मा पुढं आली, पायातली चप्पल बाजूला काढली आणि दोन्ही हातांनी पदर पसरला.

"काढा, भाऊ. भुईवर नका ठिवू. माझ्या पदरात द्या."

सिंधुनं तिच्याकडं बघितलं. मग ती घरात गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि भागवतच्या हातांवर तिनं पाणी घातलं. भागवतनंही चपला काढल्या. बोल्ट जाम झाला होता, भंडाऱ्यानं माखलेला; जोर लावला तेव्हा कुरकुरत सुटला. नाल कमलम्माच्या पदरात पडली. वीरेशनं पॉलिश पेपरचा तुकडा शोधून आणला. भागवतनं वायरीचं टोक आणि पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला आणि वायर जिथं असायला हवी तिथं आवळून बसवली.

दिवे लावले. काटा हलला नाही. हॉर्न दाबून धरला. काटा ढिम्म. वीरेश हसायला लागला, पुनम दारात येऊन उभी राहिली होती ती म्हणाली, "झालं ना? चला आता."

"थांब," कमलम्मा म्हणाली. "आधी मला फिरवून आणा. मग सून देते."

जी बाई त्या गाडीला लाभली नाही म्हणाली होती, ती पदरात नाल घट्ट धरून पुढच्या सीटवर बसली. भागवतनं गाडी वेशीच्या रस्त्याला घेतली. भर उजेडात दिवे लावलेले, हॉर्न चालू. रस्त्यावरची माणसं वळून वळून बघायला लागली. दोघंही काट्याकडं बघत होते.

"लईच खाली कामून हाय?" कमलम्मानं विचारलं.

"आतलं झाकण काढलंय मिस्त्रीनं. आता खालीच ऱ्हाईल. नायगावला गेल्यावर परत बसवतो."

वेस आली. भागवतनं गाडी वळवायला थांबवली, तेव्हा ती म्हणाली, "जरा थांबा." आणि काट्यावरची नजर न काढता बोलायला लागली.

"त्या दिशी सकाळी ती मला म्हणली हुती, आत्या, कंबर लई दुखतीय. म्या म्हणलं, माहेरची ओढ लागली की असंच हुतंय, गाडीत बसल्यावर बरं वाटंल. तुमी दारात येऊन हॉर्न वाजवून राहिले हुते. म्या तिला लोटलंच म्हणा की." ती थांबली. "अन् नंतर म्हणलं, गाडी लाभली न्हाई. कुणाला तरी म्हणायचं हुतं, भाऊ. गाडीला म्हणलं."

इंजिन चालू होतं, सुरात होतं. वैशाखातला तो धोंडा भागवतच्या डोळ्यांपुढं आला, आणि त्यावर बसलेली पुनम.

"म्या बी बघितलं हुतं, ईनबाई," तो म्हणाला. "ती कमरेला हात लावून बसली हुती. बघितलं अन् परत बॉनेटमधी डोकं घातलं. काय हुतंय गं म्हणून एकदा बी इचारलं न्हाई. म्या पाइप बांधून राहिलो हुतो."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की कुणाच्यानं काही झालं नसतं. ते दोघांनाही माहीत होतं. तरी दोघं तिथं गाडीत बसून राहिले, आणि कमलम्मानं पदराचं टोक डोळ्यांना लावलं तेव्हा त्याला लागलेला भंडारा तिच्या गालावर उमटला.

घरी आल्यावर तिनं पुनमची ओटी भरली. नाल तिनं परत दिली नाही. "ही माझ्या दाराला ऱ्हाऊ द्या. लेकरू घेऊन आलात की घेऊन जा," असं सिंधुला म्हणाली, आणि सिंधुनं मान हलवली. मग कमलम्मा भागवतच्या खिडकीपाशी आली.

"दर गावाला थांबायचं. अन् काट्याला न्हाई इचारायचं, तिला इचारायचं."

दिवस टेकायच्या आत त्यांनी वेस ओलांडली.

भागवतनं नळेगावला विचारलं. पुढच्या फाट्यावर विचारलं. मध्ये एक गतिरोधक जोरात आदळला तेव्हाही विचारलं. पुनम वैतागली, "पप्पा, बास ना आता." सिंधु मागं तिच्याशेजारी बसून गालात हसत होती. उसाचे ट्रॅक्टर समोरून येत होते, रिकाम्या ट्रॉल्या खडखडवत, आणि आभाळाच्या कडेला थोडा लालसरपणा उरला होता. हॉर्न वाजवला की भागवतची नजर अजून सवयीनं काट्यावर जायची, आणि काटा जागच्या जागी असायचा.

मग थोड्या वेळानं पुनम आपण होऊनच म्हणाली, "पप्पा, कंबर जरा दुखतीय."

भागवतनं गाडी कडेला घेतली आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. उतरला, मागचं दार उघडलं, तिला हात दिला. "किती दुखतीय? कुठं? सकाळपासून का आत्ताच?"

"आत्ताच. बसून बसून आखडलीय नुसती. चालले की मोकळी हुईल."

सिंधुनं तिचा हात धरला आणि दोघी कडेच्या पायवाटेनं हळूहळू चालायला लागल्या, थोडं पुढं, थोडं मागं. शेजारच्या रानात हरभऱ्याचे ढीग होते. सिंधुनं त्यातले दोन-चार डहाळे उचलून पुनमच्या हातात दिले. भागवत गाडीला टेकून बघत उभा राहिला. बॉनेट त्यानं उघडलं नाही. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, ड्रायव्हरनं ओरडून विचारलं, "काय काका, गाडी बिघडली का?" भागवतनं हातानंच नाही म्हटलं.

"बरं वाटून राहिलं आता. निघायचं का?" पुनमनं लांबून विचारलं.

"चाल अजून जरा. घाई न्हाई."

फोन वाजला. कमलम्मा होती.

"कुठवर आलात, भाऊ? काटा कसा हाय?"

"काटा बघितला न्हाई, ईनबाई," भागवत म्हणाला. "कंबर दुखतीय म्हणली, म्हणून थांबलोय. पुनम चालून राहिली."



"हाव," कमलम्मा म्हणाली. "चालू द्या तिला."